घागरींची हजेरी

खडू करायला पाणी लागते, ही गोष्ट मला उभ्या नोकरीत कुणी सांगितली नव्हती. खडू कोरडा, फळा कोरडा, शिकवणेही बऱ्याचदा कोरडेच. त्यामुळे निवृत्त झाल्यावर अहमदपुरात घराच्या पडवीत खडूचा छोटासा धंदा काढायचे ठरवले, तेव्हा दुष्काळाची मला मुळीच काळजी वाटली नाही. उलट मी पत्नीला समजावून सांगितले, "अगं, ज्वारी गेली, ऊस गेला, पण ऊन कुठे जाणार? खडू उन्हात वाळतो. यंदा ह्या तालुक्यात काही पिकलंच, तर ते खडूच पिकतील."

"आणि ते कालवणार कशात? उन्हातच का?" तुळजाबाईने विचारले.

पांढरी भुकटी पाण्यात कालवावी लागते, मग साच्यात ओतावी लागते, हे मला साचे घरी आल्यावर कळले. तोवर माघार घेण्याची वेळ निघून गेली होती, कारण मी गल्लीत पेढे वाटले होते.

पाण्याचे पुढे पाहू म्हणून मी आधी परवान्यांच्या मागे लागलो. समोरच किराणा दुकान चालवणारे गुरुबसप्पा ह्याच्या पूर्ण विरोधात होते. कपाळावर विभूतीचे तीन ठसठशीत पट्टे, मांडीवर तराजू आणि जिभेवर सल्ला, असे ते सकाळपासून गादीवर बसलेले असत.

"गुरुजी, दरखास्त कशाला देऊन राहिले? आपण हाव हेच सरकारला कळू देऊ न्हाई. माझ्या आज्यानं निजामाला कळू दिलं न्हाई, बापानं पुढच्यांला कळू दिलं न्हाई. देवणीचा वळू कितीबी गरीब असू द्या, शिंगापुढं जाऊन त्याला आपलं नाव सांगू न्हाई."

पण ज्याने तीस वर्षे नागरिकशास्त्र शिकवले, त्याने कायद्याला वळसा घालून जायचे म्हणजे पोहणे शिकवणाऱ्याने विहिरीकडे पाठ करून पळण्यासारखे. मी एस.टी.ने लातूरला गेलो.

लातूर जिल्हा उस्मानाबादेतून वेगळा होऊन तेव्हा फार काळ लोटला नव्हता. नवा जिल्हा म्हणजे नवा संसार. सामान सगळे येऊन पडलेले, पण कुठल्या पेटीत काय, ते कुणालाच ठाऊक नाही. पहिल्या कार्यालयात मला जो छापील अर्ज मिळाला, त्यावर जिल्हा उस्मानाबाद असे छापलेले होते. मी ते खोडून लातूर लिहिले. अर्ज परत आला: छापील मजकुरात खाडाखोड चालणार नाही. मी दुसरा अर्ज न खोडता दिला. तोही परत आला: जिल्हा चुकीचा आहे. तिसऱ्या खेपेला तिथल्या कारकुनाने मला बाजूला घेतले आणि हळूच सांगितले, "गुरुजी, नवे अर्ज छापायला टाकलेत. तुम्ही जरा दमानं घ्या, जिल्हा सावरू द्या."

कराच्या कार्यालयात वेगळीच अडचण. खडू ही नेमकी कसली वस्तू, हे तिथल्या साहेबांना ठरवता येईना. लेखनसाहित्य म्हणावे, तर त्यात प्लॅस्टर. प्लॅस्टर म्हणावे, तर ते बांधकामात जाते, आणि खडूचे घर कुणी बांधत नाही. मी नमुना म्हणून एक खडू त्यांच्या टेबलावर ठेवला. त्यांनी तो उलटसुलट करून पाहिला आणि विचारले, "ह्याचा आणखी कशासाठी उपयोग होतो का?"

खोटे बोलायची सवय नाही. मी म्हणालो, "पहिलीतली पोरं खातातसुद्धा."

साहेबांनी लेखणी खाली ठेवली. "मग खाद्यपदार्थ म्हणूनही विचार करावा लागेल," असे म्हणून त्यांनी मला पुढच्या महिन्यात बोलावले.

ही सगळी कार्यालये कशीबशी पार पडली आणि उरला शेवटचा दाखला, तो मात्र सर्वांत मोठा होता. तो देणाऱ्या कार्यालयाचे नाव मी इथे लिहीत नाही, कारण ते पूर्ण नाव मला अजून पाठ झालेले नाही. तिथले निरीक्षक स्वतः येऊन जागा पाहणार, काम पाहणार, काम करणारी माणसे पाहणार आणि मग दाखला मिळणार. दाखला असेल तरच जिल्ह्यातल्या शाळा माझा खडू घेणार होत्या.

दाखला नसला तर माझे फार बिघडत नव्हते. मला पेन्शन होती. बिघडणार होते ते माझ्याकडे कामाला आलेल्या तिघींचे. शिवकांता आणि पंचशीला माझ्याच विद्यार्थिनी. गुणाबाई माझ्याच वयाची, शाळेचे तोंड न पाहिलेली. तिघीही रोजगार हमीवर पाझर तलावाची खडी फोडायला जात असत. गुणाबाईने पहिल्याच दिवशी दोन्ही कामांची तुलना करून टाकली होती.

"तिथं उन्हात काळा दगड फोडायचा, हितं सावलीला पांढरा दगड करायचा. मला पांढरा परवडला बाबा. आता ह्यो धंदा बुडवू नका, गुरुजी. माझ्या हातात घण धरायची ताकद ऱ्हायली न्हाई."

हे तिने हसत सांगितले, पण त्या दिवसापासून मी दाखल्यासाठी दर सोमवारी लातूरला एक पत्र टाकू लागलो.

माणसे कामावर ठेवणे म्हणजे काय, ह्याचा मला अनुभव नव्हता. मला वर्ग चालवायचा अनुभव होता. त्यामुळे सकाळी मी घंटा देई, हजेरी घेई, आणि तिघी साच्यांपुढे उभ्या राहून "हजर, गुरुजी" म्हणत. मधल्या सुट्टीची वेगळी घंटा. गुणाबाईला ह्या सगळ्याची फार हौस वाटे. ती दोनदा हजर म्हणे, एकदा स्वतःसाठी आणि एकदा, तिच्या म्हणण्याप्रमाणे, लहानपणी राहिलेले.

ही शिस्त टँकरने मोडली.

नळ कधीच कोरडे पडले होते; भुकटी कालवायला तुळजाबाई अंघोळीचे उरलेले पाणी देई. टँकर आमच्या फाटकासमोर थांबायचा, कारण पुढे गल्ली अरुंद होती. तो सकाळी येई, दुपारी येई किंवा नुसती त्याची बातमी येई. बातमी आली की माझा सगळा कामगारवर्ग साचे तसेच टाकून धावे. आपण भुकटी कालवलेली, ती साच्यात दगड झालेली, आणि मालक एकटाच घंटेखाली उभा! एकदा तर मी रागावून पंचशीलाला अंगठे धरून उभे राहायला सांगणार होतो. तेवढ्यात आठवले की तिला दोन मुले आहेत आणि तिच्या घरात सकाळपासून पाणी नाही.

तोडगा शिवकांताने काढला. आमच्याकडे दुष्काळात माणूस दिवसभर रांगेत उभा राहत नाही. त्याची घागर उभी राहते. घागर रांगेत म्हणजे माणूस रांगेत. हा नियम कुठल्या पुस्तकात नाही, बहुधा म्हणूनच तो कुणी मोडत नाही.

"गुरुजी, आमच्या घागरी फाटकापुढं हायेत का, तेवढं बघा," शिवकांता म्हणाली. "घागर हाय म्हंजे आम्ही हाव. घागर टाकून बाई कुठं जाती का? कुठंबी गेली तरी पळत येतीच."

तर्क बिनतोड होता. मी प्रत्येकीच्या घागरीवर खडूने तिचे नाव लिहिले आणि खिडकीतून घागरी पाहून हजेरी मांडू लागलो. तुळजाबाई म्हणाली, "माणसं सोडून भांड्यांची हजेरी घेणारा मास्तर पहिल्यांदाच बघते."

नावे पाहून बाकीच्या बायका आल्या. "गुरुजी, माझ्या बी घागरीवर लिवा की. भांडणं तरी व्हायची न्हाईत." शिकवणाऱ्याला नाही म्हणता येत नाही. शिवाय अक्षर गिरवायला एवढी गोल, छान जागा मला क्वचितच मिळाली होती. आठवड्याभरात फाटकापासून वळणापर्यंत साऱ्या गल्लीच्या घागरी माझ्या हस्ताक्षरात उभ्या राहिल्या.

आणि एके दिवशी, काही एक न कळवता, निरीक्षक आले.

तरुण होते. मूळचे कोकणातले, नव्या जिल्ह्यात नुकतेच बदलून आलेले. मोटारसायकलवरून उतरले तेव्हा धुळीने त्यांच्या भुवया पांढऱ्या झाल्या होत्या. मी घंटेकडे धावलो, पण घंटा देऊन उपयोग नव्हता. अर्ध्या तासापूर्वीच बातमी आली होती की आपला टँकर धान्याच्या मोंढ्याच्या वळणावर पलीकडच्या गल्लीने अडवला आहे. गल्लीतल्या झाडून साऱ्या बायका तो सोडवून आणायला गेल्या होत्या. माझ्या तिघी सगळ्यांत पुढे.

निरीक्षकांनी पडवी पाहिली, साचे पाहिले, वाळत घातलेले खडू पाहिले. मान डोलावली. मग विचारले, "कामगार कुठे आहेत?"

"हजर आहेत," मी म्हणालो.

"मला दिसत नाहीत."

मी त्यांना फाटकाशी नेले आणि तीन घागरी दाखवल्या. आमच्याकडची रीत आणि मी त्यांवर नावे का लिहिली ते समजावून सांगितले. माझे समजावून सांगणे चांगले असते असे लोक म्हणतात, पण ज्याच्या गावी उन्हाळ्यातही घरामागच्या विहिरीत हात बुडतो, त्याला घागरीची रांग शिकवणे म्हणजे चौथीतल्या मुलाला व्याज शिकवण्यापेक्षाही अवघड.

"गुरुजी," ते शांतपणे म्हणाले, "मी घागरींची तपासणी करायला आलेलो नाही. मला इथे काम चालू दिसत नाही आणि माणूसही दिसत नाही. मला बंद असंच लिहावं लागेल."

त्यांनी पेनचे टोपण काढले. मला गुणाबाईचा घण दिसू लागला. मी म्हणालो, "साहेब, चहा घ्या." माझ्या साऱ्या ज्ञानातून ऐनवेळी एवढेच बाहेर आले. तुळजाबाईने आतून डोके बाहेर काढले आणि नुसत्या डोळ्यांनी सांगितले की चहापुरतेही पाणी नाही.

गुरुबसप्पा गादीवरून हे सगळे पाहत होते. गेल्या कित्येक वर्षांत ते गादीवरून उठून कुठे गेल्याचे कुणाला आठवत नव्हते. ते उठले, चपला हातात घेतल्या आणि मोंढ्याकडे पळत सुटले.

त्यांनी तिथे जाऊन काय सांगितले, हे नंतर कळले. ते म्हणाले, "बायांनो, गुरुजीच्या घरी साहेब आलाय आन् त्यांला माणसं दिसत न्हाईत. कोण कामाला हाय न् कोण न्हाई, ह्याची चौकशी करत बसू नका. पळा!"

थोड्या वेळाने गल्लीच्या तोंडाशी धुरळा उठला. पुढे टँकर, टँकरच्या पायरीवर शिवकांता, मागे साऱ्या गल्लीतल्या बायका, आणि सर्वांत शेवटी धापा टाकणारे गुरुबसप्पा. एखादे लग्नाचे वऱ्हाड नवरदेवालाच पळवून आणत आहे, असे ते दृश्य होते.

शिवकांताने खाली उडी मारली. "साहेब, आम्ही आलाव. हितंच कामाला हाव आम्ही."

"तुम्ही किती जणी?"

शिवकांता "तिघी" म्हणणार होती, अशी माझी खात्री आहे. पण मागून शांतम्मा पुढे आली. पिठाच्या गिरणीशेजारी राहणारी, आवाज गिरणीपेक्षा मोठा. खडूशी तिचा संबंध इतकाच की तिची पाच वर्षांची रुद्राणी तो येऊन खात असे. "मी बी हाय कामाला. समद्याच हाव. ह्ये बघा." आणि तिने आपल्या घागरीवर हात ठेवला.

मग एकेक करून साऱ्या गल्लीने आपापल्या घागरीवर हात ठेवला.

निरीक्षक ओळीने घागरी मोजत चालत गेले; एकंदर चौतीस झाल्या. प्रत्येक घागरीवर माझ्याच हस्ताक्षरात नाव. नाव विचारावे, तर तेच नाव. त्यांचा चेहरा बदलत गेला. मी त्यांच्यामागे धावत होतो. माझ्या वर्गात दुसऱ्याच्या नावाने हजर म्हणणाऱ्याला मी कधी सोडले नव्हते, आणि इथे आख्खी गल्ली हजर म्हणत होती.

"साहेब," मी त्यांना गाठून म्हणालो, "खरं सांगतो, ह्यातल्या फक्त तिघी माझ्याकडे कामाला आहेत."

निरीक्षक थांबले. माझ्याकडे त्यांनी असे पाहिले की तसे माझ्याकडे आजवर कुणी पाहिले नव्हते.

"गुरुजी, तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती. कामगारांची संख्या कमी सांगायची, ही मालक लोकांची जुनी युक्ती आहे. नोकरीला लागलो तेव्हा पहिल्याच दिवशी आम्हाला हेच शिकवलं."

"अहो, पण मी—"

"बाया स्वतः सांगतायत. भांड्यांवर तुम्हीच नावं घातलीत. आणि तुम्ही तिघी म्हणता?"

गुरुबसप्पा माझ्या कानाशी येऊन कुजबुजले, "गुरुजी, खरं बोलायला बी टाइम असतो. आता गप बसा."

गप बसण्यावाचून इलाज नव्हता, कारण टँकरची नळी सुटली होती आणि कुणालाच कुणाचे ऐकू येत नव्हते.

पंधरवड्याने लखोटा आला. मी तो देवापुढे ठेवून उघडला. दाखला मंजूर झाला होता, पण अटी होत्या. विसाहून अधिक कामगार असल्यामुळे माझी पडवी हा यापुढे कारखाना होता. आणि कामगार स्त्रिया तिसाहून अधिक असल्यामुळे त्यांच्या सहा वर्षांखालील मुलांसाठी कारखान्यात पाळणाघर चालवणे बंधनकारक होते. पूर्तता झाल्याची पाहणी होईपर्यंत दाखला हाती मिळणार नव्हता.

मी पुन्हा एस.टी. धरली. कार्यालयातल्या कारकुनाने सारे शांतपणे ऐकून घेतले. "सोपं आहे. जादा कामगार कामावरून कमी केल्याचं लिहून आणा. कारण लिहा, आणि प्रत्येकीची सही."

सोपे म्हणून मी शांतम्माकडे गेलो. जिला कधी कामावर घेतलेच नाही, तिला कामावरून कसे काढावे, हे कुठल्याही पुस्तकात दिलेले नाही. मी बराच वेळ पावसाविषयी बोललो. शेवटी मुद्द्यावर आलो. शांतम्माने पदर खोचला.

"मला काढता? काय चुकलं माझं, गुरुजी? साहेबापुढं हात ठिवला म्हून? चोरी केली का मी? कामचुकारपणा केला का?"

"नाही. पण शांतम्मा, तू कामच केलेलं नाहीस."

"मग काम चुकलं कुठून? सांगा की!"

मी सह्यांचा कागद घडी करून खिशात घातला. पुढच्या दारी गेलो, तिथेही तेच. संध्याकाळपर्यंत गल्लीत बातमी पसरली की गुरुजी बायकांना कामावरून काढून राहिले. दूधवालीने माझ्याकडे पाहणे सोडले. गुणाबाई मला म्हणाली, "मालक झाले की माणसं बदलतेत, मी आयकून होते." सही कुणीच दिली नाही.

उरला पाळणाघराचा मार्ग. तुळजाबाईने जुन्या लुगड्यांच्या तीन झोळ्या बांधल्या. मी पडवीच्या दुसऱ्या अंगाला सतरंजी घातली. सोमवारी सकाळी मुले आली. गल्लीतली झाडून सगळी. काही नाक गळत, काही भावाच्या कडेवर, एक कुत्र्याचे पिल्लू घेऊन. बायका त्यांना सोडून निश्चिंतपणे टँकरच्या मागे, खडीवर, मोंढ्यात जिथे जायच्या तिथे गेल्या. शिवकांता, पंचशीला, गुणाबाई साच्यांवर. आणि मी मधोमध सतरंजीवर, कायद्याने बसवलेला.

खडूचे म्हणाल, तर पहिल्या आठवड्यात निम्मे फुटले. फरशीवर मांजरे आली, भिंतीवर टँकर आले, गुरुबसप्पांच्या दुकानाच्या फळीवर एक फार मोठा नाकाचा माणूस आला, जो आपण नव्हेच असे ते आजही सांगतात. मी कुणालाच काही शिकवत नव्हतो. मी फक्त खाली बसून एक गोल काढी आणि विचारी, "हे काय असेल?" कुणी भाकरी म्हणे, कुणी चाक म्हणे. रुद्राणी आधी ते पुसून टाकी, मग स्वतः काढी, मग उरलेला खडू खाई.

निरीक्षक पुन्हा आले ते ह्याच वेळी. फाटकाबाहेरच्या घागरी नजरेने मोजून ते आत आले आणि कामगार कुठे हे त्यांनी विचारलेच नाही. त्यांनी झोळ्या पाहिल्या. मुले मोजायचा प्रयत्न केला, पण मुले स्थिर नव्हती. मग त्यांनी सतरंजीकडे पाहून शंका काढली, "तुम्ही इथे शाळा तर चालवत नाही ना? त्याला वेगळी परवानगी लागते."

"नाही साहेब, मी पाळणाघर चालवतो. हे आपसूक शिकतायत."

ते हसले. पहिल्यांदाच. एका पोराने त्यांच्या बुटावर काहीतरी काढून ठेवले होते. ते त्यांनी पुसले नाही. पिशवीतून दाखला काढून त्यांनी माझ्या हातात दिला. गुणाबाईने साचा खाली ठेवला, पदराला हात पुसून पुढे आली आणि तो कागद नुसता बोटाने दाबून पाहिला, भाकरी भाजली का पाहावी तसा.

"आता घण न्हाई ना, गुरुजी?"

"नाही."

ती परत साच्यापुढे जाऊन बसली. त्या दिवशी तिने ओतलेले खडू इतके वाकडे निघाले की एकही विकण्याजोगा नव्हता.

जाता जाता निरीक्षक म्हणाले, "एक लक्षात ठेवा. सहा वर्षं पूर्ण झालेलं मूल इथे ठेवता येणार नाही."

"मग त्याने कुठे जायचं?"

"शाळेत."

इतक्या कलमांतले हे पहिलेच कलम, जे मला एका वाचनात पटले.

रुद्राणीला सहा पूर्ण झाली ती जूनच्या तोंडावर. पाऊस अजून नव्हता, पण शाळा होती. तिला समजावून सांगितले तर तिने माझ्या धोतराचा सोगा धरला आणि हंबरडा फोडला. उभ्या नोकरीत पोरे मला पाहून रडत आत आली. मला सोडून जायचे म्हणून रडणारी ही पहिलीच. मी चष्मा पुसायला आत गेलो आणि बराच वेळ पुसत राहिलो.

बाहेर आलो तर फाटकाशी शांतम्मा उभी. डोक्यावर पदर, हात जोडलेले, आवाज एरवीच्या निम्म्याने.

"गुरुजी, उद्या पोरीला शाळंत घालायला जायचंय. कामावर येणं व्हायचं न्हाई."

मी हजेरीची वही उघडली. मालक माणसाने अशा वेळी उगीच भावनेत वाहून जाऊ नये.

"ठीक आहे," मी म्हणालो, "रजा मंजूर. भरपगारी."